वाण नाही पण गुण लागला: तिसरीतल्या भाचीचं वर्कशीट

भाची तिसरीत आहे. परवा रविवारी आमच्याकडे पोहे-जिलबी चालू असतानाच ती वर्कशीट घेऊन बसली, मधे एक उभी रेघ, डावीकडे ‘जन्मतः मिळालेलं’, उजवीकडे ‘शिकलेलं’, आणि खाली यादी, डोळ्यांचा रंग, सायकल चालवणं, कुरळे केस, मराठी बोलणं, कोळ्याने जाळं विणणं, कुत्र्याने शेकहँड करणं वगैरे, आणि एकेक गोष्ट उचलून बरोबर रकान्यात लिहायची. पाच मिनिटांत उरकली असती खरं तर. पण तेवढ्यात आजोबांनी पोह्यांवर जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरवलं, हिनेही त्यांच्याकडे बघून अगदी तेवढंच भुरभुरवलं, आणि विचारलं, "मावशी, मला जिरावन आवडतं ते आजोबांकडून आलंय का गं? मग डावीकडे लिहू?"

आता हा प्रश्न वर्कशीटपेक्षा भारी आहे. आजोबांकडून आलंय हे तर खरंच, पण कसं आलंय? नाक आजोबांसारखं आहे तसं आलंय, की दर रविवारी आजोबांच्या मांडीला मांडी लावून पोहे खाल्ले म्हणून आलंय? मी तिला म्हटलं, समज तू जन्मलीस आणि त्याच दिवशी तुला कोणी उचलून जपानात एका घरी नेऊन ठेवलं, तिथेच लहानाची मोठी झालीस, तर तुझ्यासोबत काय काय गेलं असतं आणि काय इथे इंदूरलाच राहून गेलं असतं? तिने पहिल्यांदा स्वतःचं नाक चाचपलं. नाक गेलं असतं. केस गेले असते. गालावरची खळी पण गेली असती. आणि जिरावन? "तिथे मिळतच नसेल ना, मग आवडणार कसं?"

बस. लहान मुलांना समजवायचं असेल तर व्याख्या घोकून घेण्यापेक्षा एकदा हा जपानचा फेरा मारून आणावा असं माझं मत आहे. सोबत गेलं ते डावीकडे, मागे राहिलं ते उजवीकडे. गंमत अशी की गोडाची आवड सोबत गेली असती, नवजात बाळाच्या जिभेला गोड चव लागली की ते चोखायला लागतं आणि कडू लागली की तोंड वाकडं करतं, हे कोणी शिकवलेलं नसतं (प्लीज घरी करून बघू नका, तान्ह्या बाळाला काहीबाही चाटवायचं नसतं). तिखटाचं मात्र उलटं, तिखट कुठल्याच बाळाला आवडत नाही, ते आपण एकेक शेव हातात देत देत शिकवतो, आणि इंदूरात जरा लवकरच शिकवतो.

खरं म्हणजे हे दोन रकाने आपल्या म्हणीत आधीपासून आहेत. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. भाचीने बैल पाहिलाय तो पोळ्याला आणतो तो मातीचा, त्यामुळे आधी तेच सांगावं लागलं की ढवळ्या म्हणजे पांढरा बैल, पवळ्या तांबूस, दोघं एकाच गोठ्यात शेजारी शेजारी बांधले. आता कितीही वर्षं बांधून ठेवा, पांढऱ्याचा रंग तांबड्याला लागणार नाही, तो वाण, तो ज्याने त्याने जन्मतानाच आणलेला. पण ढवळ्या जर शिंगं मारणारा असेल, कासरा ओढला की अडून बसणारा असेल, तर पवळ्या ते बघून बघून शिकणार, तो गुण. वाण डावीकडे, गुण उजवीकडे. पाठ्यपुस्तकात मात्र ‘आनुवंशिक गुण’ लिहितात, म्हणजे म्हणीतला गुण उचलून बरोबर उलट्या रकान्यात टाकला, मग मुलं गोंधळणार नाहीत तर काय. म्हणून मी घरी वाण आणि गुण हेच शब्द ठेवले.

मग पुढचा प्रश्न आलाच, वाण येतो कुठून. शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर कसं बनवायचं त्याच्या सूचना असतात, त्या सूचनांचे २३ गठ्ठे आईकडून येतात आणि २३ बाबांकडून, मिळून ४६. हे सांगितलं तेव्हा ती हो हो करत होती पण डोळे जिलबीवर होते. मग मी वाघ काढला. इथल्या नवलखा भागातल्या झूमध्ये तिने पांढरा वाघ पाहिलाय, आणि पांढऱ्या वाघाची गोष्ट तर आपल्याच मध्य प्रदेशातली आहे.

१९५१ मध्ये रीवाच्या जंगलात महाराजा मार्तंडसिंहांना एक पांढरा बछडा सापडला. नाव ठेवलं मोहन, आणि गोविंदगढच्या महालात ठेवला. मोठा झाल्यावर त्याची जोडी बेगम नावाच्या साध्या, नारिंगी वाघिणीशी लावली, सगळ्यांना वाटलं आता पांढरी पिल्लं होणार. तीन वेळा मिळून दहा पिल्लं झाली आणि दहाच्या दहा नारिंगी! मग बाबांचा पांढरा रंग गेला कुठे?

इथे मी आईचा शिवणाचा डबा आणला. नारिंगी बटणं नव्हती म्हणून लाल घेतली, आणि पांढरी. नियम असा की प्रत्येक वाघाकडे रंगाची दोन बटणं असतात, एक आईने दिलेलं, एक बाबांनी दिलेलं. दोन्हीतलं एक जरी लाल असेल तर वाघ नारिंगीच दिसतो. दोन्ही पांढरी असली तरच पांढरा. मोहनकडे पांढरं-पांढरं. बेगमकडे लाल-लाल. पिल्लाला दोघांकडून एकेक, तर काय काय येऊ शकतं? भाचीने दहा पिल्लं मांडली, चटईवर दहा जोड्या, सगळ्या लाल-पांढऱ्या, आणि एकदम ओरडली, "अरे, पांढरं आहे ना! लपलंय!" मला वाटतं तिला आनुवंशिकता त्या सेकंदाला कळली, ४६ वगैरे तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

मग त्या दहा पिल्लांतली एक वाघीण, राधा, तिची जोडी मोहनशी लावली. राधाकडे लाल-पांढरं, मोहनकडे पांढरं-पांढरं. राधाने कुठलं बटण दिलं त्यावर पिल्लाचा रंग ठरणार, म्हणजे नाणेफेकच. १९५८ मध्ये राधाला चार पिल्लं झाली, चारही पांढरी. भाचीने डोळे मिटून डब्यातून बटणं काढत हे करून बघितलं, तिला पहिल्याच वेळी दोन नारिंगी आले आणि ती चिडली, तर तिला सांगितलं की चारही पांढरे येणं हे सोळात एकदा होणारं नशीब, गोविंदगढवाल्यांचं जोरावर होतं. (मोठ्यांसाठी सांगते, राधा मोहनचीच मुलगी, आणि जवळच्या नात्यात अशा जोड्या लावत गेल्यामुळे पुढच्या पांढऱ्या वाघांत बरीच व्यंगं आली, त्यामुळे ही गोष्ट फार कौतुकाने सांगावी अशी पण नाही. जगभरच्या झूंमधले बहुतेक पांढरे वाघ ह्या मोहनचेच वंशज.)

ह्या बटणांमुळे घरातली एक जुनी कटकट पण मिटली. भाचीचे केस कुरळे, तिच्या आईचे नाहीत, बाबांचे पण फारसे नाहीत, पणजीचे होते म्हणतात. लपून आलं. केसांचं एवढं सोप्पं, दोन बटणांचं नसतं, पुष्कळ बटणं मिळून काम करतात, पण लपून येऊ शकतं एवढं तरी खरं.

नंतर दुपारी तिने स्वतःहून एक काढलं, ते मला फार आवडलं. आरशासमोर कानातले घालत होती. "मावशी, आजीचे कान टोचलेले, आईचे टोचलेले, पणजीचे पण असतील, मग मी टोचलेलेच कान घेऊन का नाही आले?" हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडला होता बरं का. जर्मनीत ऑगस्ट वाइझमान म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १८८० नंतरच्या काळात उंदरांच्या शेपट्या कापल्या, त्यांची पिल्लं झाली, त्यांच्याही कापल्या, असं पाच पिढ्या, एकूण ९०१ पिल्लं मोजली. बिनशेपटीचं एकही जन्मलं नाही. बिचारे उंदीर, आपल्याकडे विचारलं असतं तर कुठल्याही आजीने सांगितलं असतं की पिढ्यान् पिढ्या बारशाला कान टोचतो आणि प्रत्येक पोर बिनभोकाचंच येतं, सोनाराला पैसे द्यावेच लागतात. शरीरावर बाहेरून काही केलं म्हणजे आतली बटणं बदलत नाहीत.

आणि इथे वर्कशीटची पहिली चूक दिसते. टोचलेला कान कुठल्या रकान्यात? वाण नाही, गुण पण नाही, कानाला कोणी काही शिकवलेलं नाही. गुडघ्यावरची पडल्याची खूण, हातावरची मेंदी, उन्हाने रापलेला रंग, हे सगळं तिसरंच, मिळवलेलं म्हणू हवं तर. वर्कशीटवाले तिसरा रकाना छापत नाहीत, मग मूल ‘खूण’ जबरदस्तीने कुठेतरी ढकलतं.

आता गुणाकडे. इथे माणसांपेक्षा पक्षी बरे पडतात. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, पिल्लू वाढवतो कावळा, घास भरवतो कावळा, दिवसभर कानावर काव काव, तरी मोठं होऊन ते कुहू कुहूच करतं. जपानची परीक्षा निसर्गाने स्वतःच घेतली म्हणायची. आवाज वाणात आहे. पोपटाचं बघा, पोपटाच्या अंड्यात काही ‘मिठू मिठू’ भरलेलं नसतं, ते ऐकून शिकलेलं (आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे शेजारच्या काकूंना मी तीनदा सांगून झालंय). आणि चिमण्यांच्या लांबच्या नात्यातला चॅफिंच म्हणून पक्षी आहे युरोपात, त्याच्या पिल्लांना केंब्रिजला विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात मोठ्यांचं गाणं ऐकूच न देता वाढवलं, तर ती गायली, पण तुटकं, बेसूर, ओबडधोबड. म्हणजे गायची ओढ जन्मतः, गाणं मात्र शिकायला लागतं. ते चॅफिंच आले आणि भाचीने मधली उभी रेघ पेन्सिलने थोडी जाड केली. का म्हणून विचारलं तर म्हणे काही गोष्टी इथे रेघेवर बसवाव्या लागतील.

वाघ पण रेघेवरच बसतो. मध्य प्रदेशातल्याच पन्नाच्या जंगलात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, शिकाऱ्यांनी संपवले. मग बाहेरून वाघ आणून सोडले, त्यात कान्हाच्या जंगलातल्या दोन वाघिणी होत्या, ह्या लहानपणीच आईविना झालेल्या, माणसांनी कुंपणात वाढवलेल्या. दात, नखं, पट्टे, हलणाऱ्या गोष्टीमागे धावायची खाज, हे सगळं त्यांच्याकडे जन्मतःच होतं. पण जंगलात वाघिणीची पिल्लं दीड-दोन वर्षं आईच्या मागे फिरतात ती कशाला? दबा कसा धरायचा, वारा कुठून येतो ते बघायचं, मान कुठे पकडायची, केव्हा नाद सोडून द्यायचा, हे सगळं बघून बघून शिकायला. ह्या दोघींना आईची ती शाळा मिळालीच नव्हती, म्हणून मोठ्या कुंपणात शिकार करायचा सराव करून घेतला आणि मग २०११ मध्ये पन्नात सोडलं. त्यातल्या टी-४ नाव असलेल्या वाघिणीला पुढे जंगलातच पिल्लं झाली. आता त्या पिल्लांना शिकवणारी आई होती.

भाषेवर आमच्याकडे नेहमी भांडण होतं. माझे बाबा, म्हणजे भाचीचे आजोबा, म्हणतात मराठी आपल्या रक्तात आहे. मी म्हणते बाबा, रक्तात नाही, कानात आहे. इंदूरात होळकरांबरोबर आलेली घरं आहेत, अठराव्या शतकापासून इथे आहेत, आडनाव तेच, नाक तेच, गणपतीला उकडीचे मोदक तेच, आणि घरात एका पिढीने मराठी बोलणं सोडलं की पुढचं पोर आजीला "दादी, क्या बोल रही हो" म्हणतं. तीनशे वर्षांचा वारसा आणि सुटायला एक पिढी पुरे होते. रक्तात असतं तर सुटलं नसतं. उलट आमची भाची मराठी बोलते ती पण इंदूरची, "मावशी, तू काय करून राहिलीस", "भिया बोलला मला" (भिया म्हणजे भाऊ), पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत, तिच्या आजूबाजूला जे ऐकू येतं ते तिने उचललं, तेच तर सांगतेय.

पण भाषेने माझ्या जपानच्या परीक्षेलाच भोक पाडलं, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००९ मध्ये जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं, तीस फ्रेंच बाळं, तीस जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याची चाल वर चढत जाणारी, जर्मन बाळांची खाली उतरणारी, त्या त्या भाषा बोलताना आवाज जसा चढतो उतरतो तशी. म्हणजे पोटात असतानाच आईचं बोलणं ऐकून बाळ चाल उचलतं. जन्मल्याच्या दिवशी उचलून जपानला नेलं तरी बाळ एकदम कोरं जात नाही, थोडा गुण लागलेलाच असतो. म्हणून ‘जन्मतः’ आणि ‘वाण’ हे अगदी एकच नाही. हे तिसरीच्या मुलाला सांगायचं का? मी नाही सांगितलं, तुम्हाला सांगतेय.

गाण्याचं विचाराल तर इंदूरचं उदाहरण हाताशी आहे. लताबाईंचा जन्म इथलाच, २८ सप्टेंबर १९२९. वडील दीनानाथ मंगेशकर, स्वतः मोठे गायक नट. आता लोक म्हणतात गाणं रक्तातच होतं. गळा, कान, हे बऱ्यापैकी वाणातलं असेल, पण राग कोणाच्या पेशीत नसतो, घरात वडील शिकवत होते, शिष्य येत जात होते, पुढे आयुष्यभर रियाज होता. उंचीचंही तसंच, उंच आईबाबांचं मूल बहुतेक उंच होतं, पण लहानपणी पोटभर खायला मिळालं नाही तर बटणं काहीही म्हणोत, उंची राहून जाते.

शेवटी वर्कशीटवर उरली जीभ. ‘जीभ नळीसारखी गोल करता येणं’, आणि टीचरनी आधीच वर्गात सांगून ठेवलेलं की हे जन्मतः. हे सगळ्या पुस्तकांत आहे, मी पण शाळेत हेच लिहिलंय. अमेरिकेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये तसं लिहिलं होतं. पण १९५२ मध्ये एकाने ३३ अगदी एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, ज्यांची सगळी बटणं सारखीच, तर ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. नुसतं वाणावर असतं तर असं झालं नसतं, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच आपलं म्हणणं मागे घेतलं. पुस्तकांनी घेतलं नाही. आमच्या घरात तर पुरावाच आहे, भाचीला दिवाळीत जीभ वळत नव्हती, चुलत भावाने चिडवलं म्हणून आरशासमोर महिनाभर तोंड वेडंवाकडं करत बसली आणि आता वळते.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो, बाबा जिन्याच्या अंधारातून उन्हात आले आणि नेहमीसारखे धाडधाड तीनदा शिंकले, मागोमाग भाची पण. एकदम उजेडात आलं की शिंक येणं, हे मात्र खरंच घराण्यातून येतं, बऱ्याच घरांत असतं. आई खालून ओरडली, "सत्य आहे!" भाची माझ्याकडे बघून म्हणाली, शिंक डावीकडे आणि ‘सत्य आहे’ उजवीकडे, हो ना?

जीभ तिने जाड केलेल्या रेघेवर लिहिली, अर्धी इकडे अर्धी तिकडे. सोमवारी वर्कशीट परत आलं, टीचरनी अर्धा मार्क कापलाय. मी एक चिठ्ठी लिहून देणार होते जुळ्यांबद्दल, तर म्हणाली नको, मीच वर्गात जीभ वळवून दाखवते आणि दिवाळीत नव्हती वळत म्हणून सांगते, भिया साक्षीदार आहे.